मुंबईचा कापूस, लिव्हरपूलचा भाव: १९ व्या शतकात जग जोडलं ते नेमकं कशानं?

घाटवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस घोळत असलेला विषय आहे, आज लिहून टाकतोच. लांबलाय, पण वाचा आणि जिथे पटणार नाही तिथे बिनधास्त बोला.

१९ व्या शतकात जग जवळ कशामुळे आलं असं विचारलं की उत्तर तयार असतं: वाफेचं इंजिन, सुएझ कालवा, तारायंत्र. शाळेच्या पुस्तकात तेच, यूट्यूबवर तेच. पण आपल्या मुंबईच्या कापसाच्या तारखा एकाखाली एक मांडून बघा जरा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं एप्रिल १८६१ मध्ये आणि संपलं एप्रिल १८६५ मध्ये. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली एप्रिल १८६३ मध्ये, थळघाटातून तर थेट जानेवारी १८६५ मध्ये, म्हणजे युद्ध संपायला तीन-चार महिने उरले तेव्हा. नागपूरला गाडी पोचली १८६७ ला. सुएझ उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालची केबल लागली १८७० मध्ये. आणि मुंबईत पैशाचा महापूर आला तो १८६१ ते ६५ या काळात! म्हणजे ज्या तीन-चार गोष्टींना आपण श्रेय देतो त्यातलं बरंचसं तेव्हा एकतर अर्धवट होतं नाहीतर नव्हतंच. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर यायचा, आणि गाठी निघायच्या त्या शिडाच्या जहाजांतून, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून, तीन-चार महिन्यांचा प्रवास करत.

मग ओढलं कुणी? भावाने. युद्धाआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, गुलामांच्या मेहनतीवर पिकलेला. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि तो झराच आटला. लिव्हरपूलला, म्हणजे इंग्लंडच्या कापसाच्या मोठ्या बाजारात, एक पौंड वजनाला ७-८ पेन्स असलेला अमेरिकन कापूस १८६४ मध्ये ३० पेन्सच्या आसपास गेला. त्या भावापुढे बैलगाडी काय आणि केपचा वळसा काय, सगळंच परवडायला लागलं. लोकांनी घरातल्या गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकला असं त्या काळातल्या लोकांनीच लिहून ठेवलंय. कुलाब्याला कापसाचं मोठं मैदान होतं, तिथे गाठींच्या थप्प्या लागलेल्या असायच्या, पण त्या गाठींपेक्षा कागदावरचे सौदे जास्त झाले होते.

युद्धाच्या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्तीचे मिळाले असा अंदाज दिला जातो. हा पैसा जिरवायचा कुठे? तर बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या डझनांनी निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या आसपास विकला जात होता. आणि समुद्र अजून जागच्या जागी होता हो! या सगळ्याच्या मध्यभागी मुंबईचे कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद, वय जेमतेम तिशी-बत्तिशी. लिव्हरपूलचा भाव इतरांच्या आधी कळावा म्हणून ते टपाल आणणाऱ्या बोटीला गाठायला आपल्या छोट्या होड्या समुद्रात पाठवायचे असं सांगतात. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. तारेची गरज कुणाला आणि का वाटत होती हे त्यातून दिसतं. गरज आधी उभी राहिली आणि तार नंतर आली.

मग युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबाचा दिवस उजाडला तेव्हा देणी द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या माणसाची कमाईसुद्धा त्यात गेली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, १८६८ मध्ये नव्याने काढावी लागली. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, १८७२ मध्ये ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणूस कमी! तिकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या एका शरणागतीने गिरगाव-मांडवीतली घरं रिकामी झाली. याला जागतिकीकरण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

तर माझं म्हणणं असं, की १९ व्या शतकातल्या जागतिकीकरणाला पहिला धक्का दिला तो गिरण्यांच्या भुकेने आणि त्या भुकेमागे उभ्या असलेल्या सत्तेने. यंत्रं मागून आली आणि त्यांनी ती वाट पक्की केली.

मीनल_वाचते

मस्त धागा! वाचनखूण साठवली. राजाबाई टॉवर प्रेमचंदांनीच आईच्या नावाने बांधायला पैसे दिले ना? म्हणजे अख्ख्या फोर्टात फिरताना आपण या कापसाच्या पैशातूनच फिरत असतो तर.

घाटवाट

हो, तेच. देणगी तेजीतली, मनोरा पूर्ण झाला १८७८ मध्ये. आणि फोर्टाचा कोट पाडायला सुरुवात झाली तीही याच काळात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना.

बंदरावर

विषय आवडता आहे म्हणून जरा भांडतो. नोकरीच जहाजांवर गेली त्यामुळे यंत्राची बाजू घेणार हे आधीच सांगतो.

तुमच्या तारखा बरोबर आहेत पण तुम्ही तेजीला जागतिकीकरण म्हणताय. तेजी चार वर्षं टिकली आणि फुटली. टिकलं ते काय? टिकलं ते १८७० नंतरचं, आणि ते निव्वळ यंत्रावर टिकलं. अमेरिकेचा कापूस परत आला तरी आपला कापूस बाहेर जायचा थांबला नाही, उलट फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया असे नवे गिऱ्हाईक मिळाले. ३० पेन्सला केपचा वळसा परवडतो, पण ५-६ पेन्सला कसा परवडणार? तिथे भाडं खाली यावंच लागतं.

आणि ते खाली कसं आलं हे बघण्यासारखं आहे. सुरुवातीची आगबोट म्हणजे कोळसा खाणारा राक्षस, अर्धी बोट स्वतःच्याच कोळशाने भरलेली, माल ठेवायचा कुठे? म्हणून पहिली कितीतरी वर्षं आगबोटीत टपाल, प्रवासी आणि अफूसारखा महाग माल. मुंबईहून ह्यू लिंडसे ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली तेव्हा तिच्यावर कोळसाच इतका होता की माणसांना जागा नव्हती. मग १८६६ च्या सुमाराला लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टने कंपाउंड इंजिन लांबच्या सफरीच्या बोटींत बसवलं. एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा वापरायची, म्हणजे तेवढ्याच मैलांना कोळसा खूप कमी. उरलेल्या जागेत माल. त्यानंतर तीन वर्षांत सुएझ उघडला, लंडन-मुंबई अंतर साधारण १०,७०० सागरी मैलांवरून ६,२०० वर आलं. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातले वारे आणि ती अरुंद वाट झेपणारी नव्हती, त्यामुळे कालवा आगबोटीलाच लाभला. ही दोन्ही एकाच वेळी जमून आली म्हणून खेळ बदलला, नुसत्या कालव्याने बदलला नसता.

बरं तुमच्या "सत्ता" या मुद्द्याला मात्र माझा पाठिंबा. एडन घ्या. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन ताब्यात घेतलं, आणि ते कारभाराला मुंबई इलाख्याखाली होतं! कशासाठी? मुख्य म्हणजे आगबोटींना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती म्हणून. नकाशावर ही कोळशाची ठाणी ठिपक्यांनी जोडत गेलात की साम्राज्याचा समुद्रमार्ग आपोआप दिसतो.

जलंबकर

धागा पाहून राहवलं नाही, आमच्या गावाकडचाच विषय काढलात. वऱ्हाडचा उल्लेख एका ओळीतच आलाय म्हणून थोडी भर घालतो.

आधी १८५३ साल घ्या. १६ एप्रिलला बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी. २० एप्रिलला गव्हर्नर जनरल डलहौसीचा तो प्रसिद्ध रेल्वेचा खलिता, ज्यात तो सरळ लिहितो की इंग्लंड कापसासाठी टाहो फोडतंय आणि तो कापूस इथे पिकतो, फक्त बंदरापर्यंत न्यायची सोय पाहिजे. आणि मे महिन्यात निजामाकडून कर्जापोटी आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड लिहून घेतलं. सव्वा महिन्यात तिन्ही गोष्टी! कापूस हे वऱ्हाड घेण्याचं एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही, निजामाची थकबाकी खरीच होती. पण त्याचाच कोणता मुलूख मागायचा, तर नेमकी काळी कापसाची जमीन, हा योगायोग मला तरी पचत नाही.

रेल्वेआधी वऱ्हाडचा कापूस मुंबईला फारसा येतच नव्हता. अमरावतीहून बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर लादून तो मिर्झापूरला न्यायचे, गंगेच्या काठी, पाचशे मैलांचा रस्ता. वाटेत बैल पुढच्या बैलाच्या पाठीवरचा कापूस ओढून खायचे, धूळ बसायची, पाऊस लागला की सगळं ओझं भिजून बैल बसायचा. १८२५-२६ च्या सुमाराला पेस्तनजी विकाजी या पारशी पेढीने पहिल्यांदा बैलांवरून कापूस मुंबईकडे आणला तेव्हा ते मोठंच धाडस मानलं गेलं. हे सगळं लोहमार्गाने एका पिढीत संपवलं. तांड्यांचा शेकडो वर्षांचा वाहतुकीचा धंदा बसला, आणि पुढे त्याच लोकांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. जग जोडण्याच्या हिशेबात हे कुणी धरत नाही.

१८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा सुरू झाला, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. व्हाइसरॉय एवढ्याशा आठ मैलांच्या फाट्यासाठी येतो, यावरून या बाजाराचं वजन समजा. मग जिनिंग-प्रेसिंग आलं. आधी घरोघरी बाया हाताच्या चरखीवर सरकी काढायच्या, ती रुई सैल बोद्र्यांत भरून जायची आणि मुंबईत पुन्हा दाबावी लागायची. आता वाफेच्या प्रेसमध्ये गावातच जवळपास ४०० पौंडांची कडक गाठ, दोन गाठींची एक खंडी, थेट वाघिणीत आणि तिथून बोटीत. ग्रीकांची रॅली ब्रदर्स, स्विस फोल्कार्ट ब्रदर्स यांची माणसं खरेदीला आमच्या भागात बसायला लागली. आधी मुंबईचा दलाल आणि गावचा सावकार अशा पाच हातांतून जाणारा माल आता परदेशी पेढी शेताच्या बांधाजवळ घ्यायला लागली. मुंबईतल्या बऱ्याच देशी निर्यातदारांचं यात कंबरडं मोडलं.

(अवांतर: यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीची आठवण काढणाऱ्यांसाठी, ती नंतरची, विसाव्या शतकातली. पण कारण तेच, कापूस.)

घाटवाट

@जलंबकर, १८५३ चा सव्वा महिना! काय लिहिलंय, व्वा. यालाच जोडून अजून एक: रेल्वेत पैसा घातला इंग्लंडच्या भागधारकांनी, पण १८४९ च्या करारात त्यांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. नफा कमी पडला तर फरक भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून. ज्या शेतकऱ्याच्या मालासाठी रूळ टाकले त्याच शेतकऱ्याने भांडवलदाराला हमी दिली. बोरघाटात १८६१ च्या सुमाराला ४०,००० च्या वर मजूर कामाला होते, कॉलरा आणि तापाने किती गेले त्याची धड मोजदादही झालेली नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्याआल्या महिन्याभरात गेला, त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला. तिचं नाव तरी आपल्याला माहीत आहे.

@बंदरावर, तुमचं इंजिनाचं सगळं मान्य. पण मी जे म्हणतोय तेच तुम्ही पुढे नेताय असं वाटतं. केबल घ्या. १८७० ची केबल टाकण्यामागे जॉन पेंडर, आणि हा पेंडर मूळचा मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी! ज्याला भाव कळायची निकड होती त्यानेच तारेत पैसा ओतला. त्या केबलवरचं गटापर्चाचं आवरण मलायाकडच्या जंगलातल्या झाडांच्या चिकातून यायचं, आणि केबल टाकली ग्रेट ईस्टर्न या त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या बोटीने. टपालाला महिना लागायचा ती बातमी आता काही तासांत. होड्या समुद्रात पाठवून मिळणारी प्रेमचंदांची आघाडी त्या दिवशी संपली, आणि लिव्हरपूलच्या वायदेबाजारात बसलेला माणूस खामगावचा भाव ठरवायला लागला.

मँचेस्टरकर

पंधरा-वीस वर्षं इकडे राहतोय, म्हणून दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगतो.

आपण "कापसाची तेजी" म्हणतो, इथे त्याच काळाला कापसाचा दुष्काळ म्हणतात. डिसेंबर १८६२ मध्ये लँकेशायरमध्ये (मँचेस्टरच्या आसपासचा गिरण्यांचा भाग) जवळपास ५ लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. गिरण्या बंद, लोकांनी आधी घरातलं सामान विकलं, मग अंथरुणं विकली. मुंबईत गाद्या उसवल्या त्या नफ्यासाठी आणि इथे विकल्या त्या पोटासाठी, एकाच काळात. धाग्यातली ती गाद्यांची ओळ वाचून मला हेच आठवलं.

आणि आपला कापूस इथे कुणाला आवडत नव्हता. सगळ्या हिंदुस्थानी कापसाला हे "सुरत" म्हणायचे. धागा आखूड, कचरा फार, सारखा तुटायचा, आणि कामगाराची मजुरी कामावर असल्यामुळे दिवसभर तुटके धागे जोडत बसलं की हातात काहीच पडायचं नाही. देवा कापूस पाठव पण सुरतचा नको अशी प्रार्थना एका सभेत कुणीतरी केली, ही गोष्ट इथे अजून सांगतात. तिकडे मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध वेगळा कायदाच केला, इतकी माती आणि पाणी गाठीत निघायचं.

अजून एक. इथल्या कामगारांनी उपाशी असतानाही ३१ डिसेंबर १८६२ ला सभा घेऊन लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं, गुलामी मोडा, आम्ही सोसू, अशा अर्थाचं. जानेवारीत लिंकनने उत्तर लिहिलं. त्यातला मजकूर मँचेस्टरला लिंकनच्या पुतळ्याखाली कोरलेला आहे, मी तिथून बरेचदा जातो. सगळेच कामगार असे होते असं नाही, लिव्हरपूलचा व्यापारी वर्ग तर बराचसा दक्षिणेच्या बाजूने होता. पण भाव आणि सत्ता एवढ्या दोनच गोष्टींवर सगळं बसवू नका एवढंच सांगायचंय. त्याच आगबोटींतून पत्रं आणि विचारपण जात होते.

जुनी_वही

सगळे कापसाच्या निर्यातीबद्दल बोलताहेत, मला शेतकऱ्याच्या वहीबद्दल बोलायचंय.

१२ मे १८७५, सुपे, भीमथडी तालुका, पुणे जिल्हा. बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि मुख्यतः काय मागितलं? तर कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. मिळाल्या त्या रस्त्यावर जाळल्या. जिथे मुकाट्याने कागद दिले तिथे मारहाण फारशी झाली नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. मग सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला.

आता याची सरळ साखळी अशी लावली जाते: अमेरिकन युद्ध, कापसाची तेजी, सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं, भाव पडला, कर्ज बुडलं, दंगे. ऐकायला छान आहे पण जपून. सुपे-शिरूर हा काही खानदेश-वऱ्हाडासारखा कापसाचा मुलूख नव्हे, तिथे ज्वारी-बाजरीच जास्त. तिथे तेजी पोचली ती वेगळ्या वाटेने. धान्याचे भाव चढले, घाटातल्या रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळाली, गाड्या-बैल भाड्याने गेले. ही रोकड आहे असं बघून सरकारने नव्या पाहणीत सारा जबरदस्त वाढवला, काही गावांत दीडपट आणि त्याच्याही वर. आणि सारा वाढवला तेव्हा भाव उतरायला लागले होते. माझ्या मते सावकारापेक्षा इथे सारा आकारणारं खातं जास्त दोषी, पण वह्या सावकाराच्या घरी होत्या म्हणून जळल्या सावकाराच्या.

त्यात कोर्टं. पूर्वी सावकार गावाला धरून असायचा, जमीन घेऊन तो करणार काय? आता जमीन गहाण पडते, लिलाव होतो, कोर्टाचा हुकूमनामा मिळतो. जमीन विकता येणारी वस्तू झाली. घाटवाट, तुमच्या यादीत हे घाला: कायदा. वाफ आणि तारेइतकंच करार, रोखा आणि हुकूमनामा यांनी लिव्हरपूलला आपल्या शिवारापर्यंत आणलं.

लगेच पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ. रेल्वेने धान्य येईल असं सगळे म्हणत होते, आलंही, पण ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्यासाठी ते धान्य स्टेशनातच होतं. आणि दुष्काळातसुद्धा देशातून गहू-तांदूळ बाहेर जात होता, कारण लंडनला भाव होता.

घाटवाट

हे वाचून थांबलोच काही वेळ. कायद्याचा मुद्दा एकदम पटला. सत्ता म्हणताना माझ्या डोक्यात फौज आणि तह होते, पण मुनसफ कोर्टाचा कागद रोजच्या जगण्यात जास्त खोल घुसतो.

मीनल_वाचते

माणसांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मालाबरोबर माणसं पण गेली ना.

मॉरिशसचं उदाहरण देते. इंग्रजांनी गुलामी बंद केली, मॉरिशसमध्ये १८३५ ला, पण उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात. शतकाच्या आत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. बहुतेक बिहार-युपीकडची आणि तमिळ-तेलुगू, पण मुंबई बंदरातून आपले कोकणातलेही गेले, आजही तिथे मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरायची तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. ही माणसं इंग्लंडच्या चहातल्या साखरेसाठी गेली हो, आणि त्यांच्यातल्या किती जणांना आपण कुठे चाललोय हे नीट सांगितलं गेलं होतं देव जाणे.

आणि रोग! १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग, सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला, अगदी बंदराला लागून, धान्याच्या गोदामांत. मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. लगेच युरोपातल्या देशांनी आपल्या मालावर आणि प्रवाशांवर बंधनं घातली, १८९७ मध्ये व्हेनिसला खास परिषद भरली. व्यापार थांबेल या धास्तीने मग इथे सरकारने जी घरझडती आणि सक्ती केली ती पुण्यात काय वळणावर गेली ते सगळ्यांना माहीत आहे. तीही या जागतिकीकरणाचीच बाजू आहे.

मँचेस्टरकर

@मीनल, अगदी. इजिप्तचंही असंच. त्यांचा कापूस लांब धाग्याचा, त्यामुळे युद्धात त्यांची आपल्यापेक्षा जास्त चांदी झाली. खेदिव इस्माइल १८६३ मध्ये गादीवर आला, तेजी कायम राहील या भरवशावर कालवे, रेल्वे, राजवाडे, सगळं कर्जाने. १८७५ मध्ये सुएझचे शेअर्स ४० लाख पौंडांना इंग्लंडला विकावे लागले, १८७६ मध्ये दिवाळं, १८८२ मध्ये इंग्रजी फौज. मुंबईत बँक बुडाली, तिथे देशच गेला.

सूतगिरणी

उशिरा येतोय. वडील आणि आजोबा दोघेही गिरणीत, त्यामुळे एक राहिलेली बाजू मांडतो. तुम्ही सगळे लंडन-लिव्हरपूलकडे बघताय, मुंबईचं तोंड पूर्वेलाही होतं.

मुंबईचा पहिला मोठा पैसा कापूस आणि माळव्याची अफू चीनला विकून आला, जमशेटजी जीजीभॉय वगैरे मंडळी. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने तोफांच्या जोरावर चीनची बंदरं उघडली त्याचा फायदा मुंबईच्या पेढ्यांनाही झाला, हे आपण सांगायला जरा कचरतो पण आहे ते आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला गिरणी काढली. १८६५ च्या पडझडीतून जे वाचले किंवा पुन्हा उभे राहिले त्यांनी पुढे गिरण्यांत पैसा घातला. जमशेटजी टाटा तेव्हा लंडनमध्ये होते, हातातल्या कापसाच्या हुंड्या एका झटक्यात कवडीमोल झाल्या, घराण्याला मोठा फटका बसला. त्याच माणसाने १ जानेवारी १८७७ ला नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, कापसाच्या दारातच. मुंबईच्या गिरण्या सूत काढायच्या आणि ते सूत जायचं चीनला. १८७० नंतर चांदीचा भाव उतरत गेला, रुपया दोन शिलिंगांवरून १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला, चीनचं चलनही चांदीवर, त्यामुळे सोन्याच्या चलनावरच्या लँकेशायरपेक्षा आमचं सूत तिथे स्वस्त पडायचं. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत चांदी देऊन रुपये पाडून घ्यायची मुभा बंद केली आणि तो फायदा गेला.

लँकेशायरने आमच्यावर डोळा ठेवलाच होता. १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात काढून टाकली. मग तिजोरीला पैसे कमी पडले म्हणून ती परत बसवावी लागली, तर १८९६ मध्ये साडेतीन टक्के जकात आणि तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर आमच्या गिरण्यांच्या कापडावर, हिशेब बरोबर! तो कर जायला १९२६ चा सुमार उजाडला. खुला व्यापार म्हणतात तो हा.

पण एक गोष्ट मात्र आपल्या लोकांनी केली. मुंबई ते पूर्वेकडचं भाडं पी अँड ओ ही इंग्रजी जहाज कंपनी आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या हातात होतं. जपानच्या गिरण्यांना वऱ्हाड-खानदेशचा आखूड कापूस चालायचा, नव्हे, हवाच होता. टाटांनी जपान्यांशी बोलणी केली आणि १८९३ मध्ये निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीच्या बोटी कोबे-मुंबई सुरू झाल्या, जपानची ही पहिली दूरची नियमित फेरी. पी अँड ओने भाडं पार खाली आणून त्यांना घालवायचा प्रयत्न केला, पण जपानी गिरणीवाल्यांनी स्वस्त भाडं नाकारून आपल्याच बोटीला माल दिला आणि ती टिकली. पुढे पंधरा-वीस वर्षांत आपल्या कापसाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक जपान झाला, आणि त्याच कापसाचं सूत चीनच्या बाजारात आमच्या सुतासमोर येऊन उभं राहिलं.

बंदरावर

@सूतगिरणी, कोबे-मुंबई फेरीबद्दल अजून असेल तर वेगळा धागाच काढा. त्या भाड्याच्या लढाईवर मराठीत सविस्तर यायला हवं.

जलंबकर

+१. आणि त्या धाग्यात गाठींवरचे मार्कही घ्या. लिव्हरपूलच्या भावपत्रकात वऱ्हाडच्या कापसाला "ऊमरा" म्हणायचे, उमरावतीवरून, म्हणजे आपली अमरावती. माझ्याकडे जुन्या प्रेसमधला एक लोखंडी ठसा आहे, फोटो काढून टाकतो.